बेटावरचा संसार : ‘पॉल आणि व्हर्जिनी’चे पुनर्वाचन

गेल्या पावसाळ्यात नक्खासच्या रविवारच्या बाजारात जुन्या पुस्तकांचा ढीग उपसताना ‘पॉल आणि व्हर्जिनी’ या फ्रेंच कादंबरीच्या इंग्रजी भाषांतराची एक प्रत हाती लागली. पाने पिवळी पडलेली, पुठ्ठा सुटलेला आणि आतल्या पानावर कोणा विद्यार्थ्याला बक्षीस दिल्याची नोंद. कॉलेजच्या वयात ही कथा वाचून मी रडलो होतो, हे कबूल करण्यास आता संकोच वाटत नाही. या खेपेस रडू आले नाही. वाचता वाचता एक साधा प्रश्न मात्र मनात उभा राहिला आणि पुस्तक मिटल्यावरही तो गेला नाही : या संसारात चूल कोण पेटवते?

प्रश्न गृहिणीचा आहे, टीकाकाराचा नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या कादंबरीचा विषयच एका कुटुंबाचे नित्याचे जीवन हा आहे, तिच्या बाबतीत चुलीचा प्रश्न हाच वाङ्मयाचा प्रश्न ठरतो, असे म्हटल्यास वावगे होऊ नये.

कादंबरीचा कर्ता बेर्नार्दँ द सँ-प्येर (१७३७–१८१४) हा रूसोचा स्नेही आणि शिष्य. १७६८ ते १७७० या काळात तो फ्रेंच सरकारचा अभियंता म्हणून हिंदी महासागरातील ‘ईल द फ्रान्स’ या बेटावर होता. आज आपण ज्याला मॉरिशस म्हणतो ते हेच बेट. म्हणजे हा लेखकही बदलीवर गेलेला एक अधिकारीच होता, आणि तेथे त्याचे मन फारसे रमले नाही. परत आल्यावर १७७३ साली त्याने या प्रवासाचे वर्णन प्रसिद्ध केले. कादंबरी त्यानंतर पंधरा वर्षांनी, १७८८ साली, त्याच्या ‘निसर्गाचा अभ्यास’ या ग्रंथाच्या चौथ्या खंडात प्रकट झाली. नावडत्या नेमणुकीच्या गावाचे पुढे स्मृतीत नंदनवन होते, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना असेल. सँ-प्येरच्या बाबतीत त्या नंदनवनाने सबंध युरोपला वेड लावले.

कथानक थोडक्यात असे. पोर्ट लुई शहरामागच्या डोंगराच्या कुशीत दोन झोपड्या. एकीत मादाम द ला तूर ही खानदानी विधवा आणि तिची मुलगी व्हर्जिनी. दुसरीत प्रियकराने टाकलेली मार्गरीत ही ब्रिटनीकडील शेतकरी बाई आणि तिचा मुलगा पॉल. दोघी आया बहिणींसारख्या राहतात, मुले एकत्र वाढतात. प्रत्येक मुलाच्या जन्माच्या वेळी एकेक नारळ लावलेला आहे आणि त्या माडांच्या उंचीवरून मुलांची वये मोजली जातात. झाडांच्या सावल्यांवरून वेळ कळते, फळांच्या बहरावरून ऋतू. पुढे पॅरिसची श्रीमंत आत्या आपल्या भाचीच्या मुलीला बोलावते, गव्हर्नर ला बूर्दोने पैशांची थैली घेऊन दारी येतो, आणि व्हर्जिनी जहाजावर चढते. काही वर्षांनी ती परतते तेव्हा किनारा दिसत असतानाच ‘सँ-जेराँ’ हे जहाज वादळात फुटते. अंगावरची वस्त्रे उतरवून पोहण्यास ती लज्जेने नकार देते आणि बुडते. मागोमाग पॉल जातो, दोन्ही आया जातात. ‘सँ-जेराँ’ हे जहाज १७४४ साली या किनाऱ्यावर खरोखरच फुटले होते. बाकीचे सारे कल्पनेचे.

या शेवटाची पुढे पुष्कळ थट्टा झाली आहे आणि ती अगदीच अस्थानी नाही. पण कादंबरीचे सामर्थ्य शेवटात नाहीच. ते पूर्वार्धातील घरगुती चित्रात आहे. उष्ण कटिबंधातील झाडे, वेली, पाऊस, ओढे यांना त्यांच्या त्यांच्या नावाने आणि रंगाने फ्रेंच गद्यात प्रथमच मानाचे स्थान मिळाले ते या लेखकामुळे. केळी, पपई, चिंच, आंबा हे शब्द आपल्याला परसातले. पॅरिसच्या वाचकाला ते स्वप्नातले होते. परसातली वस्तू स्वप्नासारखी दिसू लागावी ही किमया लहान नव्हे, आणि तेवढ्यासाठी मी आजही सँ-प्येरला मोठा लेखक म्हणेन.

आता चुलीकडे वळू. या दोन झोपड्यांत सहा माणसे राहतात, चार नव्हेत. पाचवा दोमँग, आफ्रिकेतून आणलेला गुलाम. सहावी मारी, मादागास्करहून आणलेली गुलाम बाई. दोमँग मार्गरीतचा, मारी मादाम द ला तूरची. दोमँग जमीन नांगरतो, पेरतो, फळझाडे लावतो. मारी टोपल्या विणते, रांधते, उरलेला माल बाजारात नेऊन विकते. लेखक त्यांना वाईट वागवीत नाही. तो त्यांचे लग्न लावून देतो आणि त्यांच्या स्वामिनिष्ठेचे कौतुक करतो. त्यांच्या मनात काय चालले होते, एवढेच तेवढे तो विचारीत नाही. घरातील सगळे श्रम या दोघांच्या अंगावर घातल्यामुळेच उरलेल्या चौघांच्या वाट्याला निसर्ग, सदाचार आणि निवांतपणा आला आहे. शिवाय मादाम द ला तूरचा पती वारला तो कोठे? मादागास्करमध्ये, आणि तो तेथे गेला होता गुलाम खरेदी करण्यासाठी. नंदनवनाचा पाया या एका वाक्यात दडलेला आहे; लेखक तेथून घाईने पुढे जातो.

सर्वांत बोलका प्रसंग एका पळालेल्या गुलाम स्त्रीचा आहे. उपाशी, अंगावर वळ उठलेली ती बाई व्हर्जिनीच्या दारी येते. व्हर्जिनी तिला जेवू घालते आणि दयार्द्र होऊन पॉलला सोबत घेऊन ब्लॅक रिव्हरकाठच्या तिच्या मालकाकडे तिला परत नेते, क्षमा मागण्यासाठी! मालक क्षमा करतो. मुलांना धन्यता वाटते. पुढे दोमँगकडून कळते की क्षमेनंतर त्या बाईच्या पायात साखळी आणि गळ्यात लोखंडी कडे घालण्यात आले. व्हर्जिनी दुःखी होते, आणि कथा पुन्हा माडांच्या सावलीत जाते. त्या बाईचे पुढे काय झाले, हे या करुणरसाने ओथंबलेल्या पुस्तकात कोठेही येत नाही.

येथे एक आक्षेप येणार. अठराव्या शतकातील लेखकाला आजच्या मापाने मोजणे न्याय्य आहे काय? आक्षेप रास्त आहे, पण येथे तो लागू पडत नाही. कारण १७७३ च्या प्रवासवर्णनात याच लेखकाने बेटावरील गुलामांच्या छळाचा निषेध केलेला आहे. त्याने डोळ्यांनी पाहिले होते आणि तसे लिहिलेही होते. त्यामुळे कादंबरीतील मौन अज्ञानाचे म्हणता येत नाही. सुखी संसाराचे चित्र रंगवायचे तर ते पाहिलेले झाकून ठेवावे लागेल, हे त्याच्यातील कलावंताने ताडले. माझा आक्षेप आहे तो या तडजोडीला. तिची शिक्षा कलेलाच भोगावी लागली आहे. या घरात कधी भांडण होत नाही, भाकरी करपत नाही, कोणाला कोणाचा कंटाळा येत नाही. श्रम काढून घेतले की संसारातून काळही निघून जातो. मग उरतो तो देखावा.

मराठी वाचकाला हे विशेष खटकते, याचे कारण आपल्या भाषेत संसाराच्या वर्णनाचे एक मोठे माप आधीच घालून दिलेले आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. तेथेही एक घर आहे, आणि तेही सतत गाव बदलणारे. पती कवी, लहरी, हातात पैसा न टिकणारा. १८९५ साली तो ख्रिस्ती झाला तेव्हा तर घरच दुभंगले. परंतु पाणी कोणी भरले, उपाशी कोण राहिले, रुसून कोण निघून गेले आणि सोवळे सुटता सुटता किती वर्षे लागली, हे सारे लक्ष्मीबाई हसत हसत सांगतात. त्या घरात नंदनवन कोठेच नाही. आणि तरी पुस्तक मिटताना ते घर सोडवत नाही. सँ-प्येरच्या घरातून मात्र आपण हळहळत, पण सहज बाहेर पडतो.

याच बेटावर पुढे दुसरे संसार उभे राहिले. १८१० साली बेट इंग्रजांच्या हाती गेले. १ फेब्रुवारी १८३५ रोजी तेथील गुलामगिरी कायद्याने संपली. नुकसानभरपाई मिळाली ती मालकांना, गुलामांना नव्हे. उसाच्या मळ्यांना मजूर हवेच होते. ते १८३४ पासून हिंदुस्थानातून करारावर नेण्यास आरंभ झाला. पुढील काळात गेलेल्यांची संख्या साडेचार लाखांच्या आसपास भरते. पाच वर्षांचा करार, पुरुषाला महिना पाच रुपये आणि शिधा. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापण्याची पद्धत. बहुतेक कलकत्त्याहून आणि मद्रासहून गेले. मुंबई बंदरातून गेले त्यांत कोकणातील मराठी माणसे होती. त्यांच्यातील पुष्कळ कुटुंबे बेटाच्या पश्चिमेस, ब्लॅक रिव्हरच्या परिसरात राहिली. होय, तीच ब्लॅक रिव्हर, जेथे व्हर्जिनीने त्या बाईला परत नेऊन सोडले होते.

या संसारांची कादंबरी कोणी लिहिली नाही. त्यांच्या नोंदी झाल्या. क्रमांक, जहाजाचे नाव, बापाचे नाव, गाव, वय, उंची, अंगावरची खूण. १८६० नंतरच्या दशकात तर प्रत्येकाचे छायाचित्र घेण्यास सुरुवात झाली. ते कागद आज तेथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवलेले आहेत, आणि पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ही माणसे उतरली तो ‘आप्रवासी घाट’ २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. सँ-प्येरच्या कुटुंबाजवळ कागद एकही नाही आणि भावना अपार आहेत. या कुटुंबांचा कागद प्रत्येक आहे, आणि भावनेची एकही ओळ नाही. एकाच बेटाची ही दोन दप्तरे शेजारी ठेवून वाचल्याखेरीज ‘पॉल आणि व्हर्जिनी’ पुरते वाचून होत नाही, असे मला वाटते.

भोजपुरी कथेला तेथे पुढे आवाज मिळाला. अभिमन्यु अनत (१९३७–२०१८) यांची ‘लाल पसीना’ ही १९७७ ची हिंदी कादंबरी मळ्यातल्या त्या पिढ्यांचीच आहे. मराठी घराला तसा कादंबरीकार लाभल्याचे माझ्या वाचनात नाही. त्या घराने गणपती राखला. गणेशचतुर्थीला आज त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. कोकणातल्या जाखडीची आठवण देणारी झाकरी त्याने राखली. मराठी शाळेत शिकवली जाते, पूजेत आणि आरतीत ऐकू येते. पण चुलीपुढची, भांडणातली, मुलाला हाक मारण्याची भाषा क्रिओल झाली, त्याआधी भोजपुरी. घराला क्रिओल भाषेत ‘लाकाझ’ म्हणतात; मराठी आजीचा नातूही आपल्या घराला तेच म्हणतो.

लखनौत बसून हे लिहिताना हात थोडा अडखळतो. ज्या भोजपुरीने त्या मराठी घराला वेढले ती आजच्या उत्तर प्रदेशाच्याच पूर्वेकडील गाझीपूर, बलिया, आझमगढ या भागांतून समुद्रापार गेली. आपण तर स्वखुशीने, बढतीचा आदेश खिशात घालून, त्याच प्रांताच्या राजधानीत येऊन राहिलो आहोत. आपल्या हाल-अपेष्टांची त्या मजुरांशी तुलना करणे हा अपमान होईल. ती मी करीत नाही. परंतु भाषा घरातून कोणत्या दाराने निघते ते दार एकच आहे. माझ्या घरी आरती शुद्ध मराठीत होते. आरती संपताच ताटे घेण्यावरून मुलांची जी वादावादी सुरू होते ती मात्र हिंदीत. मंडळाच्या नाटकात पाठ केलेले मराठी संवाद बिनचूक म्हणणारी मुलगी आईवर रागावली की लखनवी बोलते. ज्या भाषेत रागावता येत नाही, ती भाषा देखाव्याची होऊ लागली आहे, असे समजावे. सँ-प्येरच्या झोपडीसारखी ती सुंदर राहील. तिच्यात कोणी राहणार नाही.

म्हणून ‘पॉल आणि व्हर्जिनी’विषयी माझा निर्णय असा. ते बेटाचे अप्रतिम वर्णन आहे आणि संसाराचे अपुरे चित्र आहे. ते वाचावे, तरुणांनी तर अवश्य वाचावे. पण मारीने रांधलेले जेवण कोणी जेवले याचा हिशेब ठेवीत वाचावे. बेटावरच्या मराठी संसाराचे खरे पुस्तक लिहायचे ते तेथील कोणा लेकीसुनेने, तिला येईल त्या भाषेत. आपल्याकडून होण्याजोगे त्याहून लहान आहे. परगावी काढलेल्या वर्षांत आपल्या घरात काय शिजले, काय करपले आणि कोण कोणाला काय बोलले, हे कोणीतरी साध्या रोजनिशीत उतरवून ठेवावे. सेवापुस्तिकेत आपल्या प्रत्येक बदलीची नोंद आहे. घराची मात्र अजून कोठेच नाही.