‘मॅग्नेटो बरोबर होता’ : चाहत्यांचा शोक आणि चाहत्यांचा निकाल



मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी लिहून विचारलं होतं, की रसचर्चा निघाली की तुमची उदाहरणं ‘शाकुंतला’च्या पुढे का सरकत नाहीत? तर आज त्यांच्या समाधानासाठी मी एक कार्टून मालिका घेतली आहे. हसू नका. मी तिचे दहाच्या दहा भाग पाहिलेत, काही दोनदा पाहिलेत, आणि तिच्या चाहत्यांनी काय काय म्हटलं तेही बऱ्यापैकी वाचलंय. मालिकेइतकंच मला त्यांच्या म्हणण्यात तत्त्वज्ञान सापडलं.

मालिकेचं नाव ‘एक्स-मेन ’९७’. मार्च २०२४ मध्ये ती डिस्ने प्लसवर सुरू झाली, आपल्याकडे हॉटस्टारवर दिसत होती. हिच्या मागे एक जुनी मालिका आहे. अमेरिकेत फॉक्स वाहिनीवर ३१ ऑक्टोबर १९९२ ला तिचा पहिला भाग लागला आणि १९९७ मध्ये ७६ भागांनंतर ती संपली. नवी मालिका बरोबर तिथूनच पुढे सुरू होते. शीर्षकाची धून तीच, चित्रांची ढब तीच, वुल्व्हरिनला आवाज कॅल डॉड यांचाच आणि रोगला लेनोर झॅन यांचाच. मधली सत्तावीस वर्षं जणू गेलीच नाहीत.

ज्यांना हे जग ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोनच वाक्यं सांगतो. जन्मतःच काही विलक्षण शक्ती घेऊन आलेली माणसं, त्यांना म्युटंट म्हणतात, आणि बाकीचा समाज त्यांना घाबरतो, त्यांचा द्वेष करतो. प्रोफेसर झेव्हियर म्हणतो, माणसांबरोबर राहायला शिकू. मॅग्नेटो म्हणतो, ते तुम्हाला एक दिवस मारून टाकतील. १९६३ मध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी ही चित्रकथा सुरू केली, तेव्हापासून हा वाद चालू आहे. मॅग्नेटो हा नाझींच्या छळछावणीतून वाचलेला ज्यू आहे, ही गोष्ट पुढे १९८० च्या दशकात ख्रिस क्लेअरमाँट यांच्या लेखनातून आली आणि हा खलनायक एकदम वजनदार झाला.

आता प्रतिक्रिया. पहिली लाट आली तेव्हा एकही भाग कुणी पाहिलेला नव्हता. निर्माता-लेखक बो डिमेयो यांनी सांगितलं की मॉर्फ हे पात्र स्वतःला स्त्री किंवा पुरुष यांपैकी कशातच बसवत नाही. झालं! आमचं बालपण नासवलं, आमच्या करमणुकीत राजकारण घुसवलं, असा गदारोळ उठला. मॉर्फ हे पात्र कोण, तर मनात येईल त्याचं रूप घेणारं. ज्याला आकारच ठरलेला नाही त्यानं अमुकच चौकटीत बसावं असा आग्रह धरणं, जरा गमतीचं नाही का? रोगची अंगकाठी पूर्वीसारखी भरलेली नाही म्हणूनही लोक रुसले होते. त्यावर मी वेळ घालवत नाही.

‘जुन्या मालिकेत राजकारण नव्हतं’ या वाक्यावर मात्र थांबायला हवं, कारण ते साधं तपासून पाहता येणारं विधान आहे. १९९२ च्या पहिल्याच कथेत काय आहे? म्युटंट मुलांची नोंदणी. ज्युबिली या पोरीला सांभाळणारा बाप भल्या हेतूनं तिचं नाव नोंदवतो, आणि त्या यादीच्या आधारे सेंटिनल नावाचे यंत्रमानव तिला धरायला येतात. त्याच दोन भागांच्या कथेत मॉर्फ मारला जातो (पुढे त्याला परत आणलं, तो भाग निराळा). दुसऱ्या पर्वात एक साथ येते आणि ती म्युटंटांमुळेच पसरते असा प्रचार होतो. एड्सच्या भीतीच्या त्या वर्षांत हे कशाबद्दल होतं, हे मोठ्या माणसाला सांगावं लागत नव्हतं. याला राजकारण म्हणायचं नाही तर मग कशाला म्हणायचं?

पण म्हणून ही माणसं खोटं बोलत होती असं मी म्हणणार नाही. शनिवारी सकाळी टीव्हीसमोर बसलेल्या आठ वर्षांच्या मुलाला त्यात राजकारण खरोखरच दिसलं नव्हतं. त्याला पंजे दिसले, विजा दिसल्या. आता चाळिशीला टेकलेला तोच मुलगा ‘ती मालिका तशी नव्हती’ म्हणतो, तेव्हा तो मालिकेचं वर्णन करतच नसतो. तो त्या सकाळीचं वर्णन करत असतो. आणि सकाळ कुठल्याही स्टुडिओला परत काढता येत नाही.

अभिनवगुप्तानं नाट्यशास्त्रावरच्या टीकेत रसाच्या आड येणारी सात विघ्नं सांगितली आहेत. त्यातलं एक मला फार महत्त्वाचं वाटतं. प्रेक्षक आपल्याच सुखदुःखाच्या कह्यात गेलेला असेल, तर समोर कितीही चांगलं नाटक चालू असो, त्याला रस मिळत नाही. घरी भांडून आलेला माणूस नाटकाला बसला आहे अशी कल्पना करा. त्याच्यासाठी रंगमंचावर त्याचंच भांडण चालू राहतं. साधारणीकरण म्हणजे तरी काय, माझं-तुझं हे सुटणं. ‘माझं बालपण’ हा शब्दप्रयोग घेऊनच जो बसला, त्याचं हे ‘माझं’ सुटायचं कसं?

चाहत्यांचं सगळंच असं असतं असं मात्र समजू नका. प्राध्यापकांना ती एक खोड असते, चाहता म्हटला की भाबडा असं धरून चालायचं. या मालिकेबद्दल चाहत्यांनीच एक नेमका आक्षेप घेतला, जो बऱ्याच व्यावसायिक समीक्षकांनी ओझरता घेतला. तो म्हणजे वेगाचा. तिसऱ्या भागात जीन ग्रे ही खरी जीन नसून तिची प्रतिकृती आहे हे कळतं, ती गॉब्लिन क्वीन होते, बाळाला विषाणूची लागण होते, त्याला भविष्यात पाठवावं लागतं, आणि ती मॅडलिन प्रायर हे नाव घेऊन निघून जाते. हे सगळं अर्ध्या तासात! मूळ चित्रकथेत ‘इन्फर्नो’ नावानं हे प्रकरण १९८८-८९ मध्ये महिनोन्‌महिने चाललं होतं. मूल गमावलेली आई रडायला बसेपर्यंत भाग संपतो. ही खरी टीका आहे, कारण ती कलाकृतीकडे बोट दाखवते. तुम्ही जाऊन पाहू शकता, मान्य करू शकता किंवा खोडू शकता. ‘माझं बालपण नासलं’ याचं काय खोडणार?

आता पाचवा भाग. १० एप्रिल २०२४, ‘रिमेंबर इट’. जेनोशा नावाचं म्युटंटांचं राष्ट्र, त्याला संयुक्त राष्ट्रांची मान्यता मिळालेली, रात्री मेजवानी, नाच. रोगच्या स्पर्शानं समोरच्याची शक्ती शोषली जाते, म्हणून तिला कुणाला हात लावता येत नाही; मॅग्नेटोला मात्र ती स्पर्श करू शकते. तिच्यावर जीव असलेला गॅम्बिट हे बघत उभा. आणि मग तीन डोक्यांचा एक अजस्र सेंटिनल येतो आणि ते शहर जाळून काढतो. गॅम्बिट त्याला अडवताना मरतो. शेवटच्या दृश्यात रोग त्याचं शव कुशीत घेऊन बसली आहे. जिवंतपणी जो स्पर्श धोक्याचा होता तो आता निर्धोक आहे, कारण त्या देहात शोषून घेण्यासारखं काही उरलेलंच नाही. हे मी दोनदा पाहिलं. कार्टून आहे म्हणून कमी लेखण्याचं काहीएक कारण मला सापडलं नाही. करुण रसाची ही अस्सल जागा आहे.

त्या रात्री चाहत्यांची दुसरी लाट आली, आणि ती शोकाची होती. डिमेयोंना मालिका सुरू होण्याच्या आठवडाभर आधीच स्टुडिओनं दूर केलं होतं; तरी त्यांनी समाजमाध्यमावर त्या भागाबद्दल लिहिलं आणि ११ सप्टेंबर, टल्सा, शार्लट्सव्हिल, ऑर्लँडोचा पल्स क्लब या घटनांची नावं घेतली. म्हणजे त्या जळत्या शहरामागे काय होतं ते उघड झालं. चार आठवड्यांपूर्वी ‘राजकारण नको’ म्हणणाऱ्यांतलेही काहीजण आता हळहळत होते.

पण बघा, लोक रडले कुणासाठी? गॅम्बिटसाठी. शहरातल्या निनावी माणसांसाठी कुणी फारसं रडलं नाही. मॅडलिन प्रायरही त्याच रात्री तिथेच मेली. तिच्यासाठीही थोडेच रडले, कारण मघाशी म्हटलं तसं, तिची ओळख होण्याइतका वेळच मालिकेनं दिला नव्हता. यात दोष देण्यासारखं काही नाही, माणसाचं मन असंच चालतं. दोष पुढच्या पायरीवर आहे. त्या शोकातून दोन-तीन दिवसांत एक घोषणा सगळीकडे दिसायला लागली : मॅग्नेटो बरोबर होता.

घोषणा जुनी आहे. ग्रँट मॉरिसन यांच्या ‘न्यू एक्स-मेन’मध्ये क्वेंटिन क्वायर नावाचा एक बंडखोर विद्यार्थी या शब्दांचा टी-शर्ट घालतो. जेनोशाचा संहारही त्याच चित्रकथेतला, २००१ मधला. तिथे मेलेल्यांचा आकडा १ कोटी ६० लाख आहे. आता मराठीत ‘बरोबर’ हा शब्द आपण किती तऱ्हांनी वापरतो पाहा. ‘तुझा अंदाज बरोबर निघाला’ म्हणतो तेव्हा आपण एका भाकिताबद्दल बोलतो. रागावलेल्या माणसाला ‘तुझं बरोबर आहे रे’ म्हणतो, तेव्हा त्याच्या रागाला कारण आहे एवढंच मान्य करतो. पुष्कळदा तर तो शांत व्हावा म्हणूनच म्हणतो. आणि ‘बरोबर केलंस’ म्हणतो, तेव्हा एका कृतीवर सही करतो. जेनोशानंतर मॅग्नेटोचं भाकीत खरं ठरलं, यात वाद नाही. लीच नावाच्या घाबरलेल्या पोराला त्या आगीत धीर देणाऱ्या माणसाच्या संतापालाही कारण आहे. पण त्यानं पुढे जे केलं ते बरोबर होतं का?

काय केलं त्यानं? आठव्या भागाच्या अखेरीस त्यानं विद्युतचुंबकीय स्पंद सोडून पृथ्वीभरची वीज बंद पाडली. त्यानं शत्रूचे यंत्रमानव थांबले, हे खरं. आणि आकाशातली विमानं? शस्त्रक्रियेच्या टेबलावरचा रोगी? काचेच्या पेटीतलं अपुऱ्या दिवसांचं बाळ? त्यात म्युटंटांची बाळं नसतील कशावरून? मालिका या माणसांपाशी फारशी थांबत नाही, आणि इथे मी मालिकेलाही जबाबदार धरतो. जेनोशाला तिनं एक अख्खा भाग दिला, चेहरे दिले, संगीत दिलं. अंधारात बुडालेल्या जगाला तिनं बातमीइतकी जागा दिली. चाहत्यांनी तो स्पंद पाहून टाळ्या वाजवल्या, त्या या मापानंच वाजल्या. ज्याचा चेहरा दाखवला त्याच्या बाजूनं कौल पडला.

रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशी दोन टोकं मांडून कला या दोन्हींमध्ये खेचली जाते असं दाखवलं. चाहत्यांकडे पाहताना मला ते पुन्हा पुन्हा आठवलं. मॉर्फच्या वेळी ते म्हणत होते, कलेत जग आणू नका. मॅग्नेटोच्या वेळी कलेत आलेला अनुभव थेट जगावर लावत होते. टोक बदललं, पण दोन्ही वेळा साक्षीदार एकच होता : मला कसं वाटलं. मला राग आला म्हणून ते वाईट, मला रडू आलं म्हणून तो बरोबर. भावना खरी आहे, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण रडू आलं यावरून दृश्य समर्थ आहे हे सिद्ध होतं. त्या दृश्यातून पात्रानं काढलेला निष्कर्ष त्यानं सिद्ध होत नाही. उद्या इतक्याच ताकदीचं दृश्य कुणी उलट बाजूनं रचलं, तर काय, मत पुन्हा फिरवणार?

आणखी एक गोष्ट निसटते. मालिकेत हे वाक्य आठव्या भागात येतं आणि ते व्हॅलेरी कूपर या सरकारी बाईच्या तोंडी आहे. ती शत्रूच्या कटात सामील असते. जेनोशा आठवून तिला ते सहन होईनासं होतं, आणि कैदेतल्या मॅग्नेटोला सोडवताना ती ते म्हणते. म्हणजे ते एका अपराधी माणसाचं कबुलीवजा बोलणं आहे. तो मालिकेचा निकाल असता, तर पुढचे दोन भाग करायचं कारण नव्हतं. त्या दोन भागांत वुल्व्हरिन मॅग्नेटोच्या अंगात पंजे खुपसतो, मॅग्नेटो त्याच्या हाडांवरचा धातू ओढून काढतो, आणि शेवटी मॅग्नेटोचाच लघुग्रह पृथ्वीवर कोसळू नये म्हणून सगळे मिळून धडपडतात. घोषणा छापणाऱ्यांनी वाक्य उचललं, पण बाई तिथेच सोडली.

वेळ झाली आहे, प्रश्न घेऊ या. पहिलाच प्रश्न मघापासून समोर लिहून आलेला दिसतोय : ‘सर, मग झेव्हियर बरोबर होता का?’ तर याही वाक्यातला ‘बरोबर’ आधी तिन्ही अर्थांनी वेगळा करून विचारा. झेव्हियरचं भाकीत जेनोशात जळालं, एवढं मी लगेच मान्य करतो. त्याच्या कृतीबद्दल बोलायचं तर दहाव्या भागात तो मॅग्नेटोच्या मनात शिरतो, तिथपासून सुरुवात करावी लागेल. तो भाग तुमच्यापैकी कितीजणांनी पाहिलाय?