‘लोकशत्रु’ : पाणी तसेंच राहिलें

हेन्रिक इब्सेन याचें ‘लोकशत्रु’ हें नाटक १८८२ सालीं प्रसिद्ध झालें. आदल्या वर्षीं त्याच्या ‘भुतें’ या नाटकावर जो गदारोळ उठला होता, त्याला दिलेलें हें उत्तर होय, असें सामान्यतः मानितात. तेव्हांपासून आजतागायत, खरें बोलणारा एकटा पुरुष आणि त्याच्यावर दगड भिरकावणारा समाज यांचें चित्र म्हणून या नाटकाची ख्याति आहे. प्रथम वाचनीं आम्हांलाही त्यानें असेंच भारून टाकिलें होतें. परंतु अलीकडे अणुवीजकेंद्रांतील धोके दाखवून देणाऱ्या कामगारांविषयीं व त्यांना मिळणाऱ्या वागणुकीविषयीं कांहीं वाचन घडलें. त्यानंतर हें नाटक पुन्हां हातीं घेतलें असतां त्याचा एक मोठा गुण आणि तितकाच मोठा एक दोष नव्यानें दृष्टीस पडला. ते दोन्ही वाचकांपुढें ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

नाटकाची हकीकत थोडक्यांत अशी. नॉर्वेच्या किनाऱ्यावरील एक लहानसें गांव नव्यानें बांधलेल्या औषधी स्नानगृहांवर भरभराटीस येत आहे. तेथील वैद्यकीय अधिकारी डॉक्टर स्टॉकमन यांस रोग्यांचीं दुखणीं पाहून संशय येतो; ते पाण्याचे नमुने विद्यापीठाकडे तपासणीस पाठवितात; आणि वरच्या अंगाला असलेल्या चामडीं कमावण्याच्या कारखान्यांची घाण पाण्यांत उतरत असल्याचें सिद्ध होतें. नळ नव्यानें घालावे तर खर्च अवाढव्य, आणि दोन वर्षें स्नानगृहांना टाळें. डॉक्टरांचे थोरले बंधु हेच गांवचे नगराध्यक्ष व स्नानगृहांच्या समितीचेही अध्यक्ष. ते अहवाल दाबूं पाहतात. प्रथम डॉक्टरांची पाठ थोपटणारे संपादक होवस्टाड आणि नेमस्तपणाचे उपासक छापखानेवाले आस्लाकसेन हे, खर्चाचा बोजा गांवकऱ्यांच्या माथीं बसणार असें कळतांच, दुसरीकडे तोंड फिरवितात. शेवटीं भर सभेंत ठराव होऊन डॉक्टर ‘लोकशत्रु’ ठरतात.

ही गोष्ट दूरच्या नॉर्वेची म्हणून परकी वाटूं नये. मोसम नदीच्या कांठीं वसलेल्या आमच्या नामपुराचा जीव कांद्याच्या बाजारावर आहे. कांद्याला भाव आला कीं कापडवाल्यापासून सोनारापर्यंत सर्वांच्या दारीं वर्दळ. भाव पडला कीं ठरलेलीं लग्नेंही पुढें ढकललीं जातात. अशा एखाद्या गांवांत ऐन हंगामांत कोणी डॉक्टर उठून म्हणूं लागला कीं, बाजार दोन वर्षें बंद ठेवावा लागेल, तर त्याचा अहवाल कितीजण वाचतील, आणि ‘याला कोणीं शिकविलें?’ असें कितीजण विचारतील? इब्सेनचा नगराध्यक्ष दुष्ट नाहीं, तो भ्यालेला आहे. आणि त्याची भीति खोटी नाहीं. नाटकाला बळ आलें आहे तें यामुळेंच.

नाटकाचा खरा गुण पांचव्या अंकांत आहे. या अंकांत कोणी कोणाच्या अंगावर हात टाकीत नाहीं, आणि तरीही एका कुटुंबाच्या पायांखालची जमीन एका सकाळींत सरकते. घरमालक जागा सोडण्याची सूचना देतो. मुलगी पेट्रा शाळेंतील नोकरीस मुकते. ज्या कॅप्टन होर्स्टरनें सभेसाठीं केवळ आपलें घर दिलें, त्याच्या हातचें जहाज जातें. डॉक्टरांची नेमणूक तर रद्द होतेच. यांतील प्रत्येकजण थोड्याबहुत फरकानें एकच सांगतो : आपली इच्छा नव्हती, पण लोकमतापुढें इलाज नाहीं. सर्वांत खोल घाव सासऱ्याचा. मॉर्टन कील हा लेकीनातवंडांच्या वाट्याचा पैसा घालून स्नानगृहांचे शेअर विकत घेतो; म्हणजे आतां डॉक्टरांनीं खरें बोलावयाचें तर स्वतःच्या मुलांच्या तोंडचा घास काढूनच बोललें पाहिजे. सूड म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें लाठी येते. इब्सेननें दाखविलेला सूड मात्र कागदावरचा आहे : नोटीस, बडतर्फी, न वाढविलेला करार. हें निरीक्षण इतकें अचूक आहे कीं, पुढील शंभर वर्षांत त्यांत भर घालण्यासारखें फारसें कांहीं घडलें नाहीं.

अणुवीजकेंद्रांत या पांचव्या अंकाचें महत्त्व शतगुणित होतें. नासलेल्या पाण्याला वास तरी येतो. किरणोत्साराला रंग नाहीं, वास नाहीं. सांध्यांतील बारीक तडा, नीट न बसणारी झडप, न केलेल्या चांचणीपुढें नोंदवहींत ओढलेली बरोबरची खूण, या गोष्टी प्रथम ज्याच्या दृष्टीस पडतात तो मंत्रीही नसतो आणि शास्त्रज्ञही नसतो; तो पाळीवरचा कामगार किंवा कनिष्ठ अभियंता असतो. त्यानें तोंड मिटलें तर यंत्राला दुसरें तोंड नाहीं.

याचें ठळक उदाहरण जपानांतील आहे, आणि त्याचा धागा आपल्या पालघर जिल्ह्यापर्यंत पोंचतो. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीनें बांधून दिलेल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ सालीं चालूं झाल्या. त्याच कंपनीच्या बनावटीची फुकुशिमा दाइइचीची पहिली भट्टी १९७१ सालीं. त्या कंपनीचे एक तपासनीस केइ सुगाओका यांनीं फुकुशिमाच्या या भट्टींत, वाफ कोरडी करणाऱ्या भागाला गेलेले तडे पाहिले होते. ती गोष्ट दडपली गेली. नोकरी सुटल्यावर, २००० सालीं, त्यांनीं जपान सरकारास पत्र लिहून हें कळविलें. सरकारनें काय करावें? ज्या वीज कंपनीविरुद्ध तक्रार, तिलाच तक्रारदाराचें नांव कळविलें. प्रकरण जगापुढें यावयास २००२ साल उजाडलें. मग टेप्को कंपनीच्या अध्यक्षांस पायउतार व्हावें लागलें, आणि २००३ मध्यें तिच्या सतराही भट्ट्या तपासणीसाठीं थांबल्या. २०११ चा अनर्थ त्या तड्यांनीं घडविला नाहीं. तो भूकंप आणि त्सुनामी यांनीं ओढवला. परंतु जपानी संसदेच्या चौकशी मंडळानें २०१२ सालीं त्याला मानवनिर्मित म्हटलें, तें सरकार, नियामक व कंपनी यांच्या साटेलोट्यामुळेंच.

नांव फुटण्याची ही कथा आपल्याकडेही अपरिचित नाहीं. महामार्गाच्या कामांतील गैरव्यवहार पंतप्रधानांस कळवितांना अभियंता सत्येंद्र दुबे यांनीं आपलें नांव गुप्त ठेवण्याची विनंति केली होती. तें पत्र नांवासकट कचेऱ्यांतून फिरलें. नोव्हेंबर २००३ मध्यें गया येथें त्यांचा खून झाला. तो लुटारूंनीं केला असें पुढें न्यायालयानें ठरविलें. तथापि गुप्ततेची विनंति पाळली गेली नाहीं, हें त्या निकालानें पुसलें जात नाहीं. अणुक्षेत्राचें कुंपण तर याहून उंच. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याच्या अठराव्या कलमानें सरकारला माहिती प्रकट करण्यावर निर्बंध घालण्याचा अधिकार दिला होता. पाणबुडीसाठीं आंखलेल्या अणुभट्टीवर आक्षेप घेणारे नौदलाचे निवृत्त कॅप्टन बी. के. सुब्बाराव यांस मे १९८८ मध्यें मुंबईच्या विमानतळावर गुपितें नेल्याच्या आरोपावरून अटक झाली. त्यांच्याजवळचे कागद म्हणजे पवईच्या आय. आय. टी.स सादर केलेला त्यांचा प्रबंध होता. न्यायालयांनीं त्यांस निर्दोष ठरविलें; पण तत्पूर्वीं वीस महिने तुरुंगांत गेले होते. आपल्या टीकेचेंच हें फळ, असें त्यांचें म्हणणें होतें.

आतां नाटकाचा दोष. चौथ्या अंकांतील सभा ही पाण्याचा अहवाल लोकांपुढें मांडण्यासाठीं बोलाविलेली आहे. नगराध्यक्ष युक्तीनें त्या विषयाला बंदी करवितात. येथवर नाटककाराची पकड पक्की आहे. पण पुढें काय होतें? डॉक्टर त्या बंदीशीं झगडत नाहींत. उलट पाण्यापेक्षां मोठा शोध लागल्याच्या आनंदांत ते बहुमताच्या मूर्खपणावर व्याख्यान देऊं लागतात. भाषण दिपवून टाकणारें आहे. परंतु त्या क्षणापासून नाटकाचा विषय पाणी न राहतां डॉक्टर हा होतो. सूड उगविणाऱ्यांना नेमकें हेंच हवें असतें. नळाविषयींचा प्रश्न नळ दाखविणाऱ्या माणसाविषयींचा झाला पाहिजे : त्याचा स्वभाव कसा, हेतु काय, भावाशीं वैर किती. नगराध्यक्षानें घातलेल्या या सापळ्यांत नायक पडतो तो पडतोच, नाटककारही त्याच्यामागून उतरतो. पडदा पडतो तेव्हां, एकाकी मनुष्यच सर्वांत समर्थ, अशा डॉक्टरांच्या घोषणेनें प्रेक्षकांचीं मनें उचंबळतात. मात्र नळांतून तेंच पाणी वाहत आहे, आणि ज्या रोग्यांपायीं हें सर्व रामायण घडलें, त्यांपैकीं एकही नाटकभर रंगभूमीवर येत नाहीं.

सत्यजित राय यांनीं १९८९ सालीं ‘गणशत्रु’ या चित्रपटांत ही कथा बंगालच्या चंडीपूर नांवाच्या कल्पित गांवीं आणली, आणि स्नानगृहांच्या जागीं देवळाचें चरणामृत घातलें. शेवटींही त्यांनीं बदल केला : डॉक्टर एकटे उरत नाहींत, त्यांच्या बाजूच्या तरुणांचा जयघोष बाहेर ऐकूं येतो. हा शेवट इब्सेनच्या शेवटाहून उदार आहे. पण जयघोष हा संध्याकाळचा असतो, आणि बडतर्फीचें पत्र सकाळीं कचेरी उघडल्यावर निघतें. तेथें त्या तरुणांचा आवाज पोंचत नाहीं.

तेथें पोंचतो तो कायदा. अमेरिकेंत १९७८ पासून अणुकेंद्रांतील कामगारांना यासाठीं कायद्याचा आधार आहे. १९९२ च्या दुरुस्तीनंतर मालकालाच धोका सांगणारा कामगारही त्यांत स्पष्टपणें आला. कामगारानें एवढें दाखवावयाचें कीं, बडतर्फीच्या कारणांत त्याच्या तक्रारीचा हात होता. तक्रार नसती तरी हेंच केलें असतें, हें सबळ पुराव्यानें सिद्ध करण्याचा भार मालकावर. आपल्याकडे २०१४ सालीं जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. त्यांत नांव गुप्त राखण्याची आज्ञा आहे, आणि छळ झाला नाहीं हें दाखविण्याची जबाबदारीही वरिष्ठांवर आहे. परंतु त्याचा रोख भ्रष्टाचार, अधिकाराचा दुरुपयोग आणि गुन्हे यांवर. नुसता तडा गेलेला नळ त्यांत सहजीं बसत नाहीं. शिवाय संमतीनंतर दहा वर्षें लोटलीं तरी तो अंमलांत आणला गेला नव्हता. डिसेंबर २०२५ मध्यें संसदेनें अणुऊर्जेचा जुना कायदा मोडून नवा केला व या क्षेत्राचें दार खासगी कंपन्यांस उघडलें. नोकरी देणारे हात वाढणार, म्हणजे ती काढून घेणारे हातही वाढणार. तेव्हां हा प्रश्न आतां पुढें ढकलण्याजोगा राहिलेला नाहीं.

‘जागल्या’ हा शब्द मराठीनें या कामासाठीं निवडला, तो फार योग्य आहे. जुन्या गांवगाड्यांत रात्रीं गस्त घालणारा जागल्या असे, आणि गांव त्याला खळ्यावर धान्य घाली. अवेळीं हांक मारून झोप मोडली म्हणून त्याचें धान्य कोणी तोडीत नसे. हांक मारणें हेंच त्याचें काम होतें. तो शूर असावा अशीही अट नव्हती, जागा असावा एवढीच होती. इब्सेननें आपणांस शूर मनुष्य दाखविला, आणि त्याच्या शौर्यावर आपण इतके लुब्ध झालों कीं, असें शौर्य कोणावर लादावें लागूं नये, ही आपली जबाबदारी आहे, याचा आपणांस विसर पडला. तारापूरच्या पाळीवरील ज्या कामगाराचीं मुलें वसाहतीच्या शाळेंत जातात, आणि ज्याचें घर नोकरीबरोबरच जाणार आहे, त्याच्याकडून स्टॉकमन होण्याची अपेक्षा करणें अन्यायाचें आहे. ‘लोकशत्रु’ अवश्य वाचावें, पांचवा अंक तर दोनदां वाचावा. मात्र पुस्तक मिटतांना डॉक्टरांचें पुढें काय झालें, याबरोबरच त्या नळांचें काय झालें, हेंही आपण विचारलें पाहिजे.