इक्बाल वर्गात बसला असता तर

नागेश कुकुनूर यांचा ‘इक्बाल’ २००५ साली आला. श्रेयस तळपदे यांनी उभा केलेला तो ऐकू-बोलू न शकणारा खेड्यातला गोलंदाज अनेकांना अजून आठवत असेल. चित्रपट आम्हालाही आवडतो. दारूत बुडालेला मोहित म्हशींना क्षेत्ररक्षक करून त्याला शिकवतो, ते दृश्य तर शिक्षणावरच्या कितीतरी भाषणांपेक्षा सरस. पण कर्णबधिर मुलाच्या शाळेबद्दल बोलताना हा दाखला दिला, की एक गोष्ट नजरेआड होते.

गोलंदाजी डोळ्यांनी शिकता येते. मनगट कसं वळलं, टप्पा कुठे पडला, सगळं दिसतं. कथेने विषयच असा निवडलाय, की शिकण्याच्या आड बहिरेपण फारसं येत नाही. अकादमीत शिरताना बहीण खदिजा त्याच्या वतीने बोलते. तिथून तो बाहेर पडतो ते एका श्रीमंत मुलाशी बिनसल्यामुळे. म्हणजे अडचण माणसांच्या मनाची, आणि ती जिद्दीने ओलांडता येते. शिकवण्याच्या पद्धतीला चित्रपट हातच लावत नाही.

आता हाच मुलगा वाशीम जिल्ह्यात, समजा मानोऱ्याच्या बाजूच्या एखाद्या गावात, जिल्हा परिषदेच्या चौथीत बसवून पाहू. आपलं भाषाशिक्षण श्रवण, भाषण, वाचन, लेखन या क्रमाने चालतं. पहिल्याच पायरीवर गडी अडला. परिपाठ ऐकायचा, पाढे एका सुरात म्हणायचे, श्रुतलेखन ऐकून लिहायचं. आणि गुरुजी ते फेऱ्या मारत सांगणार. त्यांची पाठ वळली की याचं वाक्य तुटलं. ओठ वाचेल म्हणता? घरी आरशासमोर आवाज न काढता ‘पान, बाण, मान’ म्हणून बघा. तिन्ही जवळजवळ सारखेच दिसतात. क, ख, ग तर ओठांवर येतच नाहीत. कानाला यंत्र असलं, तरी ते गुरुजींच्या आवाजाबरोबर सरकणारे बाक आणि टिनावरचा पाऊसही मोठा करतं. मग पोरगं शेजाऱ्याच्या वहीतून उतरवतं, सगळे हसले की हसतं. ‘शांत आहे, त्रास नाही’ असा शेरा मिळतो. हा शेरा आम्हाला सगळ्यात भयंकर वाटतो.

२०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातली समावेशक शिक्षणाची व्याख्या दोन पायांवर उभी आहे. दिव्यांग आणि इतर मुलं एकत्र शिकतील, हा एक. शिकवण्याची पद्धत त्या मुलांच्या गरजेप्रमाणे बदलेल, हा दुसरा. आपण पहिलाच पाय उचलला. नाव पटावर आलं, झाला समावेश! त्याच कायद्याचं १७वं कलम सांकेतिक भाषा येणारे शिक्षक नेमायला सांगतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट द्यायलाही सांगतं. सूट देणं सोपं असतं, त्याला शिक्षक लागत नाही. सूट हवीच, आमचा विरोध नाही. पण भाषा कमी करण्याआधी त्या मुलाला एक तरी भाषा पुरती मिळायला नको का?

ती भाषा बऱ्याचदा हातांची असते. भारतीय सांकेतिक भाषेच्या शब्दकोशात २०२१ साली १०,००० शब्द झाले. पण शब्दकोशाशी गप्पा मारता येत नाहीत. गावात असं एकच मूल असेल, तर ते बोलणार कोणाशी? इथे निवासी विशेष शाळेची बाजू नाकारता येत नाही. आई दुरावते खरी, पण पंगतीत, भांडणात, रात्री अंथरुणावरसुद्धा त्याला आपल्यासारखी मुलं मिळतात. गावातल्या शाळेत आई जवळ असते, पण तिलाही त्याच्याशी खाणंपिणं आणि ‘चल, ये’ यापलीकडे फारसं बोलता येत नाही. यातलं एक निवडा, असं सोयाबीन सोंगायच्या घाईत असलेल्या आईबापाला सांगून मोकळं व्हायचं, हे आम्हाला पटत नाही.

तालुक्यातली अशी मुलं एकाच साध्या, मोठ्या शाळेत आणावीत, तिथे सांकेतिक भाषा येणारा शिक्षक कायमचा असावा आणि ऐकणाऱ्या वर्गमित्रांनीही ती भाषा शिकावी, असं आमचं म्हणणं आहे. वाशीम २०१८पासून आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे, आणि त्या मोजणीत शिक्षणाला ३० टक्के भार आहे. तेव्हा हे मागायला जागा आहे. एसटीच्या वेळा, सोबत कोण, पावसाळ्यात काय, हे प्रश्न येणारच. ते आता तुम्ही विचारा.