हळद, मायटोकॉन्ड्रिया आणि घाईचे निष्कर्ष

अल्झायमर व पार्किन्सन या विकारांत मेंदूपेशींतील मायटोकॉन्ड्रियांचे कार्य बिघडते. ऊर्जानिर्मिती मंदावते आणि ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू साचू लागतात. हळदीतील कर्क्युमिन हे रेणू निष्प्रभ करते, असे प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींवर दिसून आले आहे. या विषयावरील बरेचसे लेखन येथून थेट आहाराच्या शिफारशीवर उडी घेते. ही उडी समर्थनीय नाही.

अमेरिकेत ३६ अल्झायमर रुग्णांवर झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज २ किंवा ४ ग्रॅम कर्क्युमिन २४ आठवडे देऊनही बौद्धिक क्षमतेत लाभ आढळला नाही. रक्तात मूळ कर्क्युमिन अत्यल्प सापडले. आतडे व यकृत त्याचे त्वरित रूपांतर करतात, मग मेंदूपर्यंत पोहोचणार ते काय? हळदीत कर्क्युमिन सुमारे ३ टक्केच असते. ४ ग्रॅमसाठी रोज सव्वाशे ग्रॅमहून अधिक हळद लागेल; आमटीतल्या चिमटीचा येथे हिशेबच लागत नाही. २०१८ साली अधिक शोषल्या जाणाऱ्या कर्क्युमिनने स्मृतिलाभ झाल्याचे वृत्त आले खरे, परंतु ते ४० जण स्मृतिभ्रंशाचे रुग्ण नव्हते.

शिवाय हा रेणू अस्थिर असून अनेक चाचणीपद्धतींत फसवे अनुकूल निष्कर्ष देतो, हे २०१७ च्या एका सविस्तर रसायनशास्त्रीय आढाव्याने दाखविले आहे. मात्रा व रक्तातील पातळी न नोंदविणारा लेख परीक्षकांनी परत पाठविणेच इष्ट.