कोरडा, आसूड, कशा

धर्म, दंड आणि जीवशास्त्र या तिन्ही क्षेत्रांत चाबूक आढळतो. म्हणून त्याचा अर्थही एकच असावा, असे गृहीत धरून आपली समीक्षा पोतराजाच्या कोरड्याला दास्याचे प्रतीक ठरवते आणि मोकळी होते. हे अर्थनिर्णयन घाईचे आहे. मूठ कोणाच्या हाती आणि पाठ कोणाची, या संबंधातून चाबकाचा अर्थ घडतो.

वसाहतीच्या कायद्यात हा संबंध निःसंदिग्ध आहे. मूठ शासनाची, पाठ प्रजेची. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने प्रौढास कमाल ३० आणि सोळा वर्षांखालील मुलास १५ फटके अशी मर्यादा घातली. १९५५ मध्ये ही शिक्षाच रद्द झाली. दंडाला मोजदाद लागते. पोतराज मोजत नाही. मुळशीतल्या पौडसारख्या बाजाराच्या गावी मरीआईचा पोतराज येई तेव्हा आधी कानी पडे तो कोरड्याचा कडाका. त्यात वेदना आहे तसे कसबही आहे, आणि त्या आवाजावरच झोळीत पसाभर धान्य पडते. येथे मूठ आणि पाठ एकाचीच. पोतराजाच्या मुलाने, पार्थ पोळके यांनी, लिहिलेले ‘आभरान’ हे आत्मकथन वाचताना भक्ती आणि भिक्षा वेगळ्या काढता येत नाहीत. कोरड्याचे निव्वळ प्रतीक करणारा वाचक यांपैकी निदान एक तरी गमावतो. युरोपात १३४९ मध्ये महामारीच्या छायेत स्वतःला फटकारीत हिंडणाऱ्या जथ्यांचा पोप सहावे क्लेमेंट यांनी निषेध केला, तेव्हाही प्रश्न वेदनेचा नव्हता. प्रायश्चित्ताची मूठ धर्मपीठाच्या हातून निसटली होती.

या संबंधाची सर्वांत धीट उलथापालथ जोतीराव फुल्यांच्या १८८३ च्या ग्रंथाच्या नावातच आहे. ‘शेतकऱ्याचा असूड’ यातील षष्ठी साधी वाटते, पण ती स्वामित्व सांगते. ज्याच्या पाठीवर सारा, कर्ज आणि भटशाही यांचे वळ, त्याच्याच हाती आसूड. तोही कारागृहातला वेत नव्हे, औतामागचे रोजचे अवजार. अनंतफंदीच्या ‘फटक्या’तही शब्दाचा मार आहे; पण तो शहाण्याने जनांस केलेला उपदेश आहे, मूठ वरच्याच हातात राहते. फुले ती खाली आणतात. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या ‘दीनबंधू’ने या ग्रंथाचे आरंभीचे भाग छापून पुढचे थांबवले, आसुडाचा आवाज स्नेह्यांनाही सोसवला नाही.

जीवशास्त्राच्या परिभाषेत मात्र पाठच नाही. युग्लीनाला पाण्यात पुढे नेणाऱ्या सूक्ष्म तंतूला लॅटिनमध्ये ‘छोटा चाबूक’ अशा अर्थाचे नाव मिळाले. मराठी परिभाषाकारांनी संस्कृत ‘कशा’वरून ‘कशाभिका’ केली. कोरडा आणि आसूड हे जिवंत शब्द हाताशी असताना त्यांना जो शब्द हवासा वाटला, त्याने मराठी बोलणाऱ्या कोणाच्याही पाठीवर कधी वळ उमटला नव्हता.