डांगीची वंशावळ कोण लिहिणार?

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हसा येथे खांबलिंगेश्वराची जत्रा भरते. घोंगड्या आणि बैल या दोन गोष्टींसाठी ती प्रसिद्ध आहे. काही वर्षांपूर्वी कल्याणहून एसटीने मी तिथे गेलो होतो. बैलबाजारात एका वृद्ध शेतकऱ्याला विचारले, "बाबा, हा डांगी खरा, हे कशावरून ओळखायचे?" त्यांनी बैलाच्या पाठीवरून हात फिरवून तळवा माझ्यापुढे धरला. तो तेलकट झाला होता. "पाणी आत शिरत नाय, हाच दाखला," ते म्हणाले. डांगीच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो. म्हणूनच सह्याद्रीच्या मुसळधार पावसात तो भातखाचरात टिकून काम करतो.

त्याच सुमारास डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीत दुधाच्या बाटलीसोबत एक पत्रक आले. पाच हजार वर्षांची शुद्ध देशी जात आणि तिला डीएनएचा पुरावा, असा त्याचा आशय होता. एक दाखला तळहातावरचा, दुसरा प्रयोगशाळेच्या नावावरचा. दुसऱ्याची छाननी करावी म्हणून मी मूळ शोधनिबंध वाचू लागलो. मी शास्त्रज्ञ नाही. पण ताम्रपट किंवा बखर वाचताना आपण जे प्रश्न विचारतो, तेच इथेही विचारता येतात: साक्ष कोणाची, कुठली, आणि ती कशाबद्दल गप्प आहे?

आधी जे पक्के आहे ते पाहू. 1994 साली लॉफ्टस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की वशिंडाची गाय (झेबू) आणि युरोपातली बिनवशिंडाची गाय यांच्या मातृवंशाच्या शाखा माणसाने गुरे पाळण्याच्या कितीतरी आधी वेगळ्या झाल्या होत्या. म्हणजे गाय दोन ठिकाणी, दोन वेगळ्या रानटी समूहांतून पाळीव झाली. बलुचिस्तानातल्या मेहरगढ येथील हाडांचा रिचर्ड मेडो यांनी केलेला अभ्यास याला जुळतो. तिथे इ.स.पूर्व 7000च्या सुमारास सुरू झालेल्या वस्तीत गुरांच्या हाडांचे प्रमाण वाढत जाते आणि जनावरांचा आकार लहान होत जातो. रानटी जनावर दावणीला आल्याची ही खूण मानली जाते. चेन आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये झेबूच्या मातृवंशाचे दोन मोठे गट मांडले आणि त्यांचे मूळ भारतीय उपखंडातच असल्याचे सांगितले. पण हा अभ्यास आजच्या जनावरांवरून मागे जाणारा आहे. आजच्या वंशजांकडे पाहून पणजोबांचा चेहरा रेखाटावा, तसा.

प्रत्यक्ष जुन्या हाडांतून काढलेल्या डीएनएचा मोठा अभ्यास 2019 साली 'सायन्स' नियतकालिकात आला. व्हर्दुगो आणि सहकाऱ्यांनी 67 प्राचीन गुरांचे जनुकसंच वाचले. सुमारे 4,200 वर्षांपूर्वी पश्चिम आशियातल्या गुरांत झेबूचा वंश झपाट्याने मिसळू लागला, असा त्यांचा निष्कर्ष आहे. केंद्रकातल्या डीएनएत झेबूचा अंश पुष्कळ दिसतो, आईकडून येणाऱ्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएत मात्र त्या मानाने कमी. याचा अर्थ, कळपात बाहेरून आले ते मुख्यतः वळू. तो काळ दीर्घ अवर्षणाचा होता; कोरड्या हवेत तगणारा वळू गुराख्यांनी मुद्दाम आणला असावा, हे त्यांचे अनुमान पटण्यासारखे आहे.

निबंध उत्तम आहे, पण त्याचा भूगोल पाहावा. त्यातली प्राचीन हाडे उपखंडातली नाहीत. झेबू त्या कथेत पाहुणा म्हणून प्रवेश करतो. तो आपल्या घरी कसा होता, याबद्दल निबंध काही सांगत नाही. तो दोष लेखकांचा म्हणता येत नाही. प्राण्याच्या मृत्यूनंतर डीएनएचे तुकडे होत जातात आणि उष्णता ती मोडतोड वेगाने करते. राखीगढीच्या मानवी सांगाड्यांचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. वसंत शिंदे आणि सहकाऱ्यांच्या 2019च्या निबंधासाठी 61 नमुने तपासले गेले, त्यांतून उपयोगी जनुकसंच मिळाला तो एकाच व्यक्तीचा.

आपल्या दख्खनकडे हाडांचा मोठा संग्रह आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात घोड नदीकाठी इनामगावचे उत्खनन केले. इ.स.पूर्व 1600 ते 700 एवढ्या काळातली ही शेतकऱ्यांची वस्ती. एका घरात मातीच्या डबीत शिरविहीन स्त्रीमूर्ती आणि तिच्यासोबत बैल सापडला. पी. के. थॉमस यांनी प्राण्यांच्या हाडांचा अभ्यास केला. गुरांच्या हाडांवर कापल्याच्या खुणाही दिसल्या. म्हणजे बैल देवघरात होता, शेतात होता आणि ताटातही होता. उत्तर जोर्वे काळात, इ.स.पूर्व 1000 नंतर, हवामान कोरडे होऊन लोक शेळ्यामेंढ्यांकडे वळले, अशी मांडणी म. के. ढवळीकरांनी केली. इथे प्राचीन डीएनएसाठी खरा प्रश्न उभा आहे: ही गुरे सिंधू खोऱ्याकडून आली, की दख्खनच्या रानटी वळूंचा वंशही त्यांत मिसळला? त्या रानटी गुराला शास्त्रज्ञांनी नावच नर्मदेवरून दिले आहे. त्याचे जीवाश्म गोदावरी खोऱ्यातही मिळाले आहेत.

या प्रश्नाचे उत्तर उद्या मिळाले, तरी त्यातून 'शुद्ध डांगी' किंवा 'शुद्ध खिल्लार' सिद्ध होणार नाही. पत्रकाची खरी चूक इथे आहे. वंश आणि जात या दोन वेगळ्या गोष्टी तिथे एक केल्या आहेत. झेबूचा वंश हजारो वर्षांचा आहे; आज आपण ज्यांना जाती म्हणतो, त्यांच्या याद्या मात्र अलीकडच्या. 1953 साली जागतिक अन्न व कृषी संघटनेने जोशी आणि फिलिप्स यांचे भारत-पाकिस्तानातील झेबू गुरांवरचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात खिल्लार म्हैसूर गटात आणि डांगी, देवणी गीरच्या गटात पडतात. वर्गीकरणाचा आधार कपाळ, शिंगे आणि अंगलट. कृष्णाकाठची गुरे तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिण महाराष्ट्रातल्या संस्थानिकांनी गीर, ओंगोल आणि म्हैसूरच्या गुरांच्या संकरातून घडवली. आपल्या ठाणे-रायगडकडची कोकण कपिला डोंगरात पिढ्यान् पिढ्या चरत होती. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे तिची जात म्हणून नोंद झाली ती या शतकात.

जुनी लिखित साधनेही इथे मदत करत नाहीत. कल्याण बंदरातून जुन्नरकडे जाणाऱ्या नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. यज्ञांच्या दक्षिणेत दिलेल्या हजारो गायींचे आकडे त्यात आहेत. त्या गायी कोणत्या जातीच्या, हे लिहिण्याची गरज कोरणाऱ्याला वाटली नाही.

ए-टू दुधाचेही तसेच. बीटा केसीन प्रथिनातल्या 67व्या जागी प्रोलिन असले की ए-टू, हिस्टिडीन असले की ए-वन. ए-टू हे मूळचे रूप. ते झेबूत बहुतांशी सापडते, पण अनेक युरोपीय गायींतही असते. त्यावरून जातीचा दाखला देता येत नाही.

हा वाद केवळ अभ्यासकांचा राहिलेला नाही. 30 सप्टेंबर 2024 रोजी राज्य शासनाने देशी गायीला 'राज्यमाता-गोमाता' घोषित केले. गोशाळांतल्या देशी गायींसाठी रोज 50 रुपये अनुदानाचाही निर्णय झाला. 'देशी' या शब्दामागे आता पैसा आणि मान दोन्ही आहेत. अशा वेळी शुद्धतेच्या कल्पित वंशावळीला भाव आला, तर मुरबाड-शहापूरच्या गोठ्यांतली नाव नसलेली गावठी गाय मोजदादीतून सुटेल. तिचे मिश्र रक्त हा दोष नव्हे. ज्या मिश्रणातून उद्याची काटक गुरे निवडायची, तो साठा तिच्यात आहे.

कोकणच्या आम्लधर्मी, पावसात भिजणाऱ्या मातीत हाडे फारशी टिकत नाहीत. त्यामुळे डांगीचा किंवा कपिलेचा इतिहास इनामगावसारख्या उत्खननातून मिळेल, ही आशा थोडी आहे. पण शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास अजून हाती लागू शकतो. लाडक्या बैलाची शिंगे काही घरांत माळ्यावर जपलेली असतात. 1984 साली क्वागा या नामशेष प्राण्याचा डीएनए संग्रहालयातल्या कातडीतून मिळाला आणि या शास्त्राची सुरुवात झाली. संकरीकरणापूर्वीची आपली गुरे कशी होती, हे अशी शिंगे सांगू शकतील. मात्र प्रत्येक शिंगासोबत गाव, साल आणि बैल कोणाकडून घेतला, एवढे तरी टिपलेले हवे. ते ज्यांना आठवते, ती माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत. पुढच्या पौष पौर्णिमेला म्हशाला जाताना मी एक वही नेणार आहे. त्या बाबांच्या बैलाची आई कुठली, हे मी त्या दिवशी विचारलेच नव्हते.