खोली आणि खाणावळ: मुंबईच्या मराठी साहित्यातला नवखा माणूस

विषय ऐकून काहींना वाटलं असेल की हा माणूस आज भाड्याचे दर सांगणार. ते काही मी सांगणार नाही, आणि सांगितले तरी तुम्हाला परवडणार नाहीत. (हशा) मला बोलायचंय ते पुस्तकांबद्दल.

मी परभणीहून मुंबईत आलो तेव्हा मुंबईबद्दल बरंच वाचून आलो होतो. 'बटाट्याची चाळ' अर्धी पाठ होती. त्यामुळे मुंबई म्हणजे चाळ, चाळ म्हणजे गॅलरी, आणि गॅलरीत उभं राहिलं की शेजारचे अण्णा किंवा पंत विचारणार, 'काय हो, चहा घेणार का?' अशी माझी समजूत. प्रत्यक्षात डोंबिवलीला एका घरात कॉट बेसिसवर जागा मिळाली. एका खोलीत चार कॉट. कॉटखालची जागा आपली, वरची भिंत आपली, बाकी काही आपलं नाही. आणि घर दाखवायच्या आधी मालकीणबाईंनी तीन प्रश्न विचारले: नोकरी कुठे, आडनाव काय, अंडी वगैरे खाता का? चहाचं कुणी विचारलं नाही.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात आहे. आपण मुंबईवर एवढं लिहिलं, पण जागा शोधत दारात उभा असलेला माणूस आपल्या साहित्यात इतका कमी का दिसतो?

'बटाट्याची चाळ' 1958 सालची. थोर पुस्तक आहे, त्याबद्दल वाद नाही. पण आता पुन्हा वाचताना बघा, त्यातलं प्रत्येक बिऱ्हाड आधीच आत आहे. कुणाला खोली कशी मिळाली, पागडी किती दिली, कुणाला नाही म्हणून सांगितलं, याच्याशी पुस्तकाला फार कर्तव्य नाही. ते जिव्हाळ्याचं पुस्तक आहे, आणि जिव्हाळा आत आल्यावर सुरू होतो. शेवटच्या चिंतनात चाळ संपत चालल्याची हुरहुर आहे, ती खरीच आहे. पण ती हुरहुर वाटण्यासाठी आधी चाळीत खोली लागते.

यानंतर पाचच वर्षांनी, 1963 साली, बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह आला. शीर्षककथेतला तरुण रेल्वेच्या नोकरीवर रुजू व्हायला परक्या गावी, गुजरातेत जातो. पहिली गरज काय? राहायला जागा. आणि जागा म्हटली की समोरून जात विचारली जाणार. तो ती लपवतो. पुढे ती कळते आणि मार बसतो. कथा तुमच्यापैकी अनेकांनी वाचली असेल, वर्गात शिकवलीही असेल. पण आपण ती 'विद्रोहाची कथा' म्हणून शिकवतो आणि पुढे जातो. मला वाटतं, ती आधी घर शोधण्याची कथा आहे. तिचं सगळं यंत्र त्या एका साध्या गरजेवर फिरतं. नोकरी सरकारी आहे, पगार ठरलेला आहे, कायदा बाजूने आहे. पण रात्री पाठ टेकायला जागा हवी असेल तर ती सरकार देत नाही, गाव देतं. आणि गावाच्या अटी वेगळ्या. 'चोरली' हा शब्द किती नेमका आहे बघा. चोर ज्याचं घेतो ते दुसऱ्याचं असतं. इथे तो स्वतःचीच गोष्ट लपवतोय, आणि तरी तो चोर.

ही दोन पुस्तकं मी शेजारी ठेवतो ती पुलंना खाली दाखवायला नाही. एक आतून लिहिलंय आणि एक दारातून, एवढंच. आणि मराठी वाचकाने आतलं पुस्तक घरचं मानलं, दारातलं अभ्यासक्रमाला लावलं.

कुणी म्हणेल, 'कोसला'चं काय? तीही 1963 सालचीच. पांडुरंग सांगवीकर खेड्यातून पुण्यात येतो, होस्टेलात राहतो, मेसमध्ये जेवतो. हो, पण त्याच्यामागे गावाकडचं घर आहे आणि वडिलांचे पैसे आहेत. त्याला शहर परकं वाटतं, जागा मिळत नाही असं होत नाही. परकेपणाच्याही तऱ्हा असतात.

नंतरचंही एक उदाहरण घेऊ. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू', 2006. पुण्यातल्या एका घरात पेइंग गेस्ट येतो आणि त्या घरातले भाऊ-बहीण दोघंही त्याच्या प्रेमात पडतात. कादंबरी मला आवडते. पण गंमत अशी की कथन भावाचं आहे, बहिणीचं आहे. भाडेकरूला नावसुद्धा नाही. लेखकाने ते जाणूनबुजून केलंय, आणि त्या कादंबरीत ते शोभतं. तरी माझ्या यादीत ती पुन्हा घरमालकांच्या बाजूलाच जाऊन बसते.

सिनेमाने या बाबतीत साहित्यापेक्षा बरं काम केलं असं माझं मत आहे. 'मुंबईचा जावई' 1970 सालचा, राजा ठाकूरांचा. त्यावरून पुढे 'पिया का घर' निघाला. नवं लग्न झालेल्या जोडप्याला चाळीच्या खोलीत एकांत नाही, एवढीच गोष्ट. त्यातल्या हशाखाली जी अडचण आहे ती चौरस फुटांची आहे. आणि 1977 चा 'घरोंदा'. दोघं नोकरदार, पै-पै साठवून फ्लॅटसाठी भरतात आणि बिल्डर पळून जातो. मग प्रियकरच तिला सुचवतो की आपल्या आजारी, श्रीमंत साहेबाशी लग्न कर. डॉ. लागूंनी तो साहेब केलाय. जागेच्या टंचाईने माणसाच्या नीतीचं काय होतं हे त्या चित्रपटाने ज्या थंडपणे दाखवलंय, तसं मराठी कादंबरीत मला क्वचितच सापडलं.

इथे थोडा कायदा सांगतो, कंटाळू नका. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठवली. भाडेकरूला संरक्षण मिळालं, पण नवी जागा भाड्याने देण्यात मालकाला रस उरला नाही. पागडी आली, लिव्ह अँड लायसन्स आलं. 1973 साली दुरुस्ती होऊन तेव्हाच्या लायसन्सवाल्यांनाही भाडेकरूचा दर्जा मिळाला, आणि मालक आणखी घाबरले. आत आहे त्याला कायद्याचं कवच, बाहेर आहे त्याला अकरा महिन्यांचा कागद. म्हणजे आपलं साहित्य जिथे उभं होतं, तिथेच कायदाही उभा होता!

आता खाणावळ. ही माझी खरी तक्रार.

गिरणगावात कोकणातून, घाटावरून पुरुष एकटे यायचे. एका खोलीत दहा-पंधरा जण, पाळ्या वेगळ्या म्हणून झोपायच्या वेळाही वेगळ्या. बायको गावी. अण्णा भाऊंची 'माझी मैना' ही छक्कड आपण संयुक्त महाराष्ट्राची म्हणून गातो, पण तिच्या मुळाशी हाच एकटा मुंबईकर आहे. मग याला जेवायला कोण घालायचं? बहुतेक वेळा शेजारच्या खोलीतली बाई. दोन वेळची भाकरी-कालवण, महिन्याचा हिशेब, पगार झाला की पैसे. इतरांनीही आपापली सोय केली होती. गोव्याच्या माणसांची धोबीतलावला गावागावांची कुडं होती: दारावर गावाचं नाव, आत भिंतीला ट्रंका आणि एक वेदी. माटुंग्याला ए. रामा नायकांचं उडपी बोर्डिंग 1942 पासून पानावर जेवण वाढतंय. पण खाणावळवाली ही उधारीवर चालणारी संस्था होती. संप झाला की कामगाराचा पगार थांबतो, भूक थांबत नाही. ती वाढत राहायची, आणि किराणा भरायला स्वतः सावकाराकडे जायची. प्रेमाताई पुरव कामगार चळवळीतून आलेल्या. त्यांनी हे जवळून पाहिलं, आणि 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं करून या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं.

आता मला सांगा, संपावर आपल्याकडे कथा आहेत, कविता आहेत, जयंत पवारांचं 'अधांतर' आहे, त्यावरून निघालेला 'लालबाग परळ' आहे. पण जिच्या वहीत संपकऱ्यांची उधारी लिहिलेली होती, ती बाई मुख्य पात्र असलेली मोठी मराठी कादंबरी? मला आठवत नाही. येते ती दोन ओळींत. वाढते, शिवी देते, पदराने घाम पुसते आणि जाते. कवितेत भाकरी आहे, पण ती भुकेची खूण म्हणून. कुणी थापली आणि तिचे पैसे कधी मिळाले, हे कविता विचारत नाही. जेवणाऱ्याने लिहिलेलं साहित्य आहे हे, वाढणारीने लिहिलेलं नाही.

मघाशी मालकीणबाईंचे तीन प्रश्न सांगितले. त्यातला तिसरा मला तेव्हा निरुपद्रवी वाटला होता. आज खोली बघायला जाणाऱ्या मुलामुलींना एजंट पहिल्याच फोनवर तो विचारतो. 'ओन्ली व्हेज' आहे हो. जात कुणी थेट विचारत नाही, जेवण विचारतं. बागुलांच्या नायकाला एक गोष्ट लपवावी लागली होती. आत्ताची मुलं अंड्याची टरफलं कागदात गुंडाळून ऑफिसच्या कचऱ्यात टाकतात. माझ्या एका विद्यार्थिनीने हे सांगितलं तेव्हा ती हसत होती. मी तिला म्हटलं, हे लिही. ती म्हणाली, 'सर, अकरा महिने संपू देत.'

प्रश्न असतील तर घेऊ या. मागे कुणीतरी हात वर केलाय.